रावसाहेब थोड्याच वेळात पोहोचत आहेत

सूर्यभानमामाला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. परतवाड्याला कापसाच्या जिनिंगच्या मैदानात कुणाचं तरी लग्न होतं. मी आईचं बोट धरून मांडवात शिरत होते, तेवढ्यात बाभळीच्या फांदीला बांधलेल्या भोंग्यातून आवाज आला, ‘वधूपित्याची नम्र विनंती आहे, कोणीही जेवण केल्याशिवाय जाऊ नये.’ मला वाटलं देव बोलतो आहे, आणि देवाला आपल्या जेवणाची काळजी आहे.

मग मांडवाच्या मागे गेले तर तिथे सूर्यभानमामा. ते आमच्याच गल्लीतले, हे आईने सांगितलं. लोखंडी स्टुलावर बसलेले, एक हात कानावर, दुसऱ्या हातात माइक. किडकिडीत माणूस. एवढा आवाज त्या देहात कुठे मावत असेल, हे मी पुढे नाटकाचं शिक्षण घेतलं तरी मला सांगता येत नाही. शेजारच्या मशीनच्या पेटीवर लाल रंगात लिहिलं होतं, ‘संध्या साउंड सर्व्हिस, अमरावती’. आणि ती संध्या, त्यांची लेक, माझ्याच वयाची, वायरच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून झोपली होती.

भोंगे आणि मशीन भाड्याने देणारे जिल्ह्यात पुष्कळ होते. मामांना बोलावत ते पुकारण्यासाठी. आमच्याकडच्या मोठ्या लग्नात पाहुणा नुसता येऊन बसत नाही, तो यावा लागतो. म्हणजे गाडीचं दार उघडलं की माइकवर त्याचं नाव गेलं पाहिजे, पदासकट. ‘आताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे’ हे शब्द कानावर पडल्याशिवाय आमच्याकडचा मोठा माणूस आत पाऊल टाकत नसे. चपलेशी काहीतरी करत बाहेरच घुटमळायचा. नाव झालं की मग सोफा. पहिल्या रांगेत पांढऱ्या खोळीचे सोफे, समोर टिपॉयवर काजूची बशी. मागे खुर्च्या, त्याच्या मागे सतरंज्या. आणि कोण सोफ्याचा, कोण खुर्चीचा, हे जिल्ह्यात सूर्यभानमामाइतकं कुणाला ठाऊक असणार?

कुणाचं नाव आधी घ्यायचं, यावरून घराणी वर्षानुवर्षं बोलेनाशी होत. एकदा म्हणे एका लग्नात तेव्हाचे आमदार पुढच्या दाराने आणि त्यांनी पाडलेले उमेदवार मागच्या दाराने, एकाच वेळी आले. दोघेही आपापल्या दारात उभे, दोघांचेही कान भोंग्याकडे. मामांनी काय करावं? माइकवर टिचक्या मारायला सुरुवात केली. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. मशीनला दोन चापट्या मारल्या, वायर ओढली. अखेर दोघेही उभे राहून कंटाळले आणि आपापल्या सोफ्यावर जाऊन टेकले. लगेच मशीन सुधारलं. ‘मांडवाची शोभा वाढवणाऱ्या सर्व मान्यवरांचं स्वागत.’ ही गोष्ट सांगताना मामा मला डोळा मारत. ‘तुमच्या नाटकात असं शिकवत असतील का वं?’

शिकवत नाहीत, मामा.

या सगळ्या नावांत एक नाव त्यांच्या तोंडी वेगळं लागायचं. अचलपूरचे खुशालराव. सगळा जिल्हा त्यांना रावसाहेब म्हणे. आजोबांकडे परगण्याची देशमुखी, वडिलांकडे जिनिंग-प्रेसिंग आणि संत्र्याचे बगीचे, आणि यांच्याकडे बाकी सगळं. दोनदा आमदार, सहकारी बँकेचे अध्यक्ष, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. शिक्षक लावायचा असो की कर्ज मंजूर करायचं असो, रावसाहेबांनी मान हलवली की झालं, आणि नाही हलवली तर दुसरीकडे जाऊन उपयोग नव्हता. मामा त्यांची सगळी पदं एका श्वासात घेत आणि ‘रावसाहेब’वर येऊन असे थांबत की आपण आपोआप गेटकडे बघायचो.

या प्रेमाला कारण होतं. मामांच्या हातात माइक दिला तो रावसाहेबांनीच. त्यांच्या बहिणीचं लग्न होतं आणि पुकारणारे मास्तर ऐनवेळी घसा धरून बसले. मामा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, वायरमनच्या हाताखाली होते. मशीन चालतं का बघायला ते दोन वाक्यं बोलले, ती वाड्यापर्यंत गेली. रावसाहेब म्हणाले, याचा आवाज चांगला आहे, याला बोलू द्या. घरातल्या थोरल्यांनी विचारलं, हा त्या बौद्धपुऱ्यातला ना? आपल्या मांडवात हा बोलणार? रावसाहेब हसून म्हणाले, ‘मांडवात त्याचा आवाज येईल. तो कुठं येऊन राहिला?’

मामा हे वाक्य कौतुकाने सांगत. केवढ्या युक्तीने रावसाहेबांनी थोरल्यांचं तोंड बंद केलं, म्हणून. मामांचं स्टूल मांडवाच्या मागे का असतं आणि त्यांचं ताट मशीनपाशीच का येतं, हे मला संध्याने सांगितलं. ती तिथेच वाढली होती. तिने तीच लग्नं मागच्या बाजूने पाहिली होती. मला आठवतात ते वाळ्याचे पडदे लावलेले कूलर, वांग्याच्या भाजीचा वास, धूळ बसावी म्हणून मैदानावर मारलेलं पाणी, आणि मामांचा आवाज. संध्याला आठवायच्या नवऱ्या. रावसाहेब आल्याशिवाय अक्षता पडत नसत. मुहूर्त दुपारचा, रावसाहेब ऊन उतरता उतरता. तोवर मे महिन्यातल्या उन्हात, शालूत, उपाशीपोटी बसलेली नवरी. मागच्या खोलीत तिच्या तोंडावर कुणीतरी पाणी मारत असायचं आणि बाहेर संध्याचे बाबा गोड आवाजात सांगत असायचे, रावसाहेब थोड्याच वेळात पोहोचत आहेत.

‘एक तर उलटी करून राहिली होती,’ संध्या मला म्हणाली होती. ‘मी आठवीत होती. मी जाऊन बाबांले सांगितलं, तिले पाहा. बाबा म्हणे, पाच मिनिटं.’

दिवस जायचे तसे गेले. रावसाहेब निवडणूक हरले, मामांच्या श्वासात एक ‘माजी’ वाढला. मग बँक हातून गेली, आणखी एक ‘माजी’. शिक्षण संस्था पुतण्याने घेतली. मोठी लग्नं लॉनवर गेली, तिथे डीजे आला, आणि निवेदन करायला झब्बा घातलेली शहरी मुलं आली. सोफ्यावर प्लॉटवाले आणि ठेकेदार दिसू लागले. रावसाहेबांच्या मुलाने बगीचे विकले आणि वडिलांना पुण्याला नेलं. पाचेक वर्षांनी ते एकटेच अचलपूरला परत आले, असं कुणीतरी सांगितलं.

मामा तोवर घरीच होते. संध्या अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स झाली होती. वीज मंडळातल्या धर्मेंद्रशी तिचं ठरलं. मुलगा अकोल्याचा, लग्न अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या कार्यालयात. संध्याने एकच अट घातली.

‘साडेअकराला त्रिशरण सुरू झालं पायजे. कोणीही येवो, न येवो.’

‘साडेअकरा म्हणजे साडेअकरा,’ मामा म्हणाले.

आणि दुसऱ्याच आठवड्यात पत्रिका घेऊन बसने अचलपूरला गेले. मला सोबत नेलं. वाटेभर त्यांचे नुसते ओठ हलत होते. पदांची उजळणी चालली होती.

रावसाहेब व्हरांड्यात उन्हाला बसले होते, लोकरी टोपी, अंगावर स्वेटर. मी लहानपणी पाहिलेला तो कडक इस्त्रीचा, धोतराचा सोगा हातात धरलेला माणूस यांच्यात शोधावा लागत होता. पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मामा उभेच होते. रावसाहेबांनी दोनदा ‘बस’ म्हटल्यावर खुर्चीच्या काठावर टेकले.

‘गाडी पाठवू काय, रावसाहेब?’ मामांनी विचारलं.

‘कायले? मी येतो माह्या माह्यानं.’

‘तुमी आल्याबिगर फुलं पडत नाहीत, रावसाहेब.’

हे वाक्य मामांच्या तोंडून निघालं ते सवयीने. चाळीस वर्षं ते तोंडात बसलेलं. तिथून उठल्यावर मामा माझ्याकडे बघेनात. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, ‘तुह्या मैत्रिणीले सांगजो नको.’

मी सांगितलं नाही. पण असल्या गोष्टी लग्नघरात सांगाव्या लागत नाहीत. आदल्या दिवशी पहिल्या रांगेत एक सोफा येऊन बसला. बाकी सगळीकडे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध पांढऱ्या खोळीचा एकच सोफा. संध्याने हॉलमध्ये पाय ठेवला, सोफ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मेंदी सुकवायला निघून गेली. मामांना ते फार लागलं.

लग्नाच्या दिवशी माइक अर्थातच त्यांच्याकडे होता. लेकीचं लग्न आणि पुकारणार दुसरा कोणी? शक्यच नव्हतं. या खेपेला ते मांडवाच्या मागे नव्हते, स्टेजच्या बाजूला टेबल मांडून बसले होते. गळ्यात निळा मफलर, शेजारी मी, कारण घसा बसला तर कोणी हवं. काय आवाज लागला होता त्यांचा त्या सकाळी. अकोल्याची बस आली तेव्हा त्यांनी वरमाईचं असं स्वागत केलं की ती बाई दारातच थांबून पदर नीट करू लागली. पंचफुलाआत्या, म्हणजे मामांची बहीण, खुर्च्यांची व्यवस्था बघत होती. खुर्च्या कमी आणि अकोला जास्त, म्हणून ती आमच्याकडच्या लोकांना उठवून मागे पाठवत होती. ‘घरचे ना तुमी? मंग व्हा मागं.’ तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं.

साडेअकरा झाले. स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या तयार होत्या. विधी लावणारे पुंजाजी गुरुजी पुस्तक उघडून बसले. संध्या पांढऱ्या साडीत, धर्मेंद्र पांढऱ्या सदऱ्यात. मामांची नजर गेटवर. त्यांनी माइक उचलला.

‘माजी आमदार, सहकारी बँकेचे माजी अध्यक्ष, शिक्षण महर्षी, आदरणीय खुशालरावजी, आपले सर्वांचे रावसाहेब, थोड्याच वेळात पोहोचत आहेत.’

एका श्वासात. जुन्या लोकांनी माना डोलावल्या आणि सगळा हॉल गेटकडे बघू लागला. एक पांढरी गाडी आली. मामा उभे राहिले. गाडीतून मठ्ठ्याची पिंपं उतरली.

पावणेबारा. पुन्हा तेच, पदांसकट. मधे त्यांनी हरवलेल्या छोट्या चपलेची सूचना केली, मोटरसायकली बाजूला लावायला सांगितल्या, एका आजोबांच्या तब्येतीची चौकशीसुद्धा माइकवरून केली. वेळ भरून काढायची त्यांची सगळी जुनी हत्यारं बाहेर आली. मला खरं सांगायचं तर मजा येत होती. डोळे मिटले की परतवाड्याचं मैदान दिसत होतं. पण डोळे उघडले की स्टेजवर संध्या दिसायची. नवऱ्याकडचे कुजबुजू लागले. धर्मेंद्रचे काका आमच्या टेबलापाशी येऊन हसत म्हणाले, ‘भाऊ, अकोल्याचं घड्याळ पुढं आहे का अमरावतीचं मागं?’ मामाही हसले. कपाळ घामाने ओलं झालं होतं.

मग संध्याच स्टेजवरून उतरली. नवरीनं असं उतरणं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हॉल एकदम शांत झाला. ती टेबलापाशी आली. तिने आधी माइकचं बटण बंद केलं. साउंडवाल्याची लेक.

‘बाबा, कोणाची वाट पाहून राहिले?’

‘बेटा, पाच मिनिटं.’

‘हे पाच मिनिटं तुमी जिंदगीभर दुसऱ्याच्या पोरींले सांगितले. आता मले सांगून राहिले.’

‘त्या माणसानं मले माइक देल्ला, संध्या. मी शब्द देल्ला त्यायले.’

‘मलेही देल्ला होता.’ तिचा आवाज चढला नाही. ‘मी वर जाऊन उभी राहतो. तुमी सुरू करा, नाहीतर मी अशीच उभी राहतो. काहून की तुमच्या आवाजाबिगर मले लग्न लावाचं नाही.’

ती वर गेली. मी हात पुढे केला, म्हटलं, मी बोलू का? मामांनी नाही म्हणून मान हलवली. एकदा गेटकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या सोफ्याकडे. मग बटण दाबलं, उभे राहिले, आणि जे बोलले ते पुकारणाऱ्याच्या आवाजात नव्हतं. घरातल्या आवाजात होतं.

‘रावसाहेब, तुमी जिथं असाल तिथून माफ करा. माह्या पोरीची वेळ झाली. मी सुरू करून राहिलो.’

मग अगदी मागून, पाण्याच्या कॅन ठेवल्या होत्या तिथून, एक बारीक आवाज आला.

‘कर, सूर्यभान. मी इथंच आहो.’

सगळ्या माना फिरल्या. शेवटच्या रांगेत, शर्ट-पॅंट घातलेला एक म्हातारा माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उठत होता. त्याच्या शेजारी उभ्या पंचफुलाआत्याने कपाळावर हात मारला. नंतर कळलं, तिनेच त्यांना तीनदा उठवलं होतं. इकडले का तिकडले, असं विचारलं तर ते म्हणाले इकडला. मग आत्या म्हणाली, तर मग बाबा, मागं सरका, पाहुण्याले बसू द्या. आणि जिल्ह्याने ज्यांच्यासाठी मुहूर्त थांबवले ते रावसाहेब खुर्ची उचलून मागे सरकले होते. गाडी नव्हतीच. ते बसने आले होते, कार्यालयाच्या मागच्या फाटकाने, स्वयंपाकघराच्या बाजूने. आम्ही सगळे पुढच्या गेटवर डोळे लावून ज्यांची वाट बघत होतो, ते दहा वाजल्यापासून आमच्यातच बसून वाट बघत होते.

मामांचा हात आपोआप सोफ्याकडे गेला. ‘या, रावसाहेब, या पुढं.’ रावसाहेब रांगांच्या मधून निघाले. गुडघे दुखत असावेत, एकेक खुर्ची धरत येत होते. लोक बाजूला होत होते. मामा माइक हातात धरून, ते पोहोचायची वाट बघत, थांबले. सवय जाते होय?

मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं, आणि थांबले नाहीत. ‘सर्वांनी कृपया उभं राहावं. त्रिशरण-पंचशील सुरू होत आहे.’

पुंजाजी गुरुजींनी सुरुवात केली. सगळा हॉल उभा राहिला. रावसाहेब अर्ध्या वाटेत होते. ते होते तिथेच थांबले आणि त्यांनी हात जोडले. मामांचा आवाज गुरुजींच्या मागून चालला होता. मी स्टेजच्या बाजूने बघत होते, आणि त्रिशरणाच्या पुढच्या ओळीपर्यंत मला त्या गर्दीत रावसाहेब नेमके कुठे उभे आहेत ते सापडेनासं झालं. संध्याने मात्र डोळे मिटले नव्हते. ती बापाकडे पाहत होती.

फुलं पडली तेव्हा कुणी कुणासाठी थांबलेलं नव्हतं. सोफ्यावर एव्हाना अकोल्याच्या दोन मावश्या आणि चार पोरं बसली होती.

जेवणं झाल्यावर मामा रावसाहेबांपाशी जाऊन बसले. मीही मागे गेले.

‘तुमी आले होते त सांगितलं काहून नाही, रावसाहेब? मी येड्यासारखा तुमच्या नावाचा जप करून राहिलो.’

‘कसं सांगू?’ रावसाहेब म्हणाले. ‘मी आलो, हे मी सवता कधी सांगितलंच नाही. सांगणारा तू होता.’ मग म्हणाले, ‘आन खरं सांगू का, आयकत बसलो होतो. लय दिवसानं कोणी सगळं नाव घेतलं. वाटलं, तू अजून एकदा घेशील.’

एवढ्यात संध्या नमस्काराला आली. रावसाहेब तिला म्हणाले, ‘तुले उशीर झाला पोरी, माह्यापायी.’ ती म्हणाली, ‘हो, झाला.’ तिने मऊ केलं नाही, आणि रावसाहेबांनीही ते मऊ व्हावं अशी अपेक्षा केली नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने धर्मेंद्रला हाक मारून सांगितलं, यांना मठ्ठा आणा, थंड नको, घसा बसेल.

पोरीची पाठवणी व्हायला वेळ होता. मामा ऑटोने रावसाहेबांना बसस्टँडवर सोडायला निघाले, मला म्हणाले, चल. स्टँडवर परतवाडा-अचलपूरची गाडी लागायची होती. दोघे सिमेंटच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. कोणत्या लग्नात कोण रुसलं होतं, माइक टेस्टिंगच्या दिवशी खरं काय झालं होतं, असं बोलत राहिले. रावसाहेबांनाही ती मशीनची युक्ती ठाऊक होती, हे मामांना चाळीस वर्षांनी कळलं. दोघेही खोकला येईपर्यंत हसले.

वरच्या भोंग्यातून गाडीची सूचना झाली, भराभर, गावांची नावं एकमेकांवर चढलेली. रावसाहेबांनी भुवई उचलली.

‘कोण बोलते हा? लय घाई करून राहिला.’

मामांनी त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

‘त्याले गाडी वेळेवर सोडा लागते, रावसाहेब. चला.’